संगणकीय गुन्हे : पोलीस आणि उद्योग यांच्यातील हरवलेले तास

११ ऑगस्ट २०१८ हा महिन्यातला दुसरा शनिवार होता. बँकांना सुट्टी होती. त्या दिवशी अवघ्या काही तासांत पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या खात्यांतून जगातील २८ देशांमधल्या एटीएम यंत्रांद्वारे सुमारे बारा हजार व्यवहार झाले आणि ७८ कोटी रुपये काढले गेले. त्याच सुमारास भारतातील एटीएममधून २,८४९ व्यवहारांद्वारे आणखी अडीच कोटी रुपये निघाले. सोमवारी, १३ ऑगस्टला, ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीमार्फत सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका बँकेतील खात्यात वळवण्यात आले. १९०६ साली स्थापन झालेल्या या बँकेचे अशा प्रकारे तीन दिवसांत ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. तिजोरी फुटली नाही, की कोणाला शस्त्र दाखवावे लागले नाही.

हे घडले कसे, हे समजून घेण्यासाठी एटीएममागील व्यवस्था थोडी जाणून घ्यावी लागते. ग्राहकाने यंत्रात कार्ड घातले की ती विचारणा ‘स्विच’ नावाच्या संगणकप्रणालीकडे जाते. खात्यात पैसे आहेत का, हे स्विच बँकेच्या मुख्य प्रणालीला विचारतो आणि होकार आला की यंत्रातून नोटा बाहेर पडतात. कॉसमॉसच्या प्रकरणात हल्लेखोरांनी घातक प्रणाली शिरवून एक बनावट स्विच उभा केला. बनावट कार्डांवरून आलेली प्रत्येक विचारणा मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचण्याआधीच हा तोतया तिला परस्पर होकार देत होता. म्हणजे देवडीवरचा पहारेकरी बदलला होता आणि वाड्यातल्या कोणाला त्याचा पत्ता नव्हता.

या घटनेत लक्षात घेण्याजोगी गोष्ट चोरीच्या रकमेपेक्षाही तिच्या भूगोलात आहे. घातक प्रणाली पुण्यातल्या यंत्रणेत, नोटा काढणारे हात २८ देशांत आणि कोल्हापुरातही, पैशाचा एक ओघ हाँगकाँगकडे आणि फिर्याद चतुःशृंगी पोलीस ठाण्यात. अशा गुन्ह्याचा छडा केवळ पोलिसांनी लावावा म्हटले तर स्विचच्या नोंदी त्यांच्याकडे नसतात. केवळ बँकेने लावावा म्हटले तर कोल्हापूरच्या एटीएममधील कॅमेऱ्यात दिसणाऱ्या माणसाला ती अटक करू शकत नाही. पुणे पोलिसांच्या विशेष तपास पथकाने बँकेकडील व्यवहारांच्या नोंदी आणि एटीएममधील चित्रीकरण यांची सांगड घालूनच पैसे काढणाऱ्यांपर्यंत मजल मारली. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. अर्थात हे सर्व साखळीच्या खालच्या टोकाचे लोक होते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या तज्ज्ञ गटाने मार्च २०१९ च्या अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला होता. त्या टोकापर्यंत पुण्यातील कोणतेही पोलीस पथक पोहोचणे शक्य नव्हते.

आणखी एक बाब. हल्ल्याच्या आदल्याच दिवशी, १० ऑगस्टला, अमेरिकेच्या ‘एफबीआय’ने बँकांना एक गोपनीय इशारा दिला होता : बनावट कार्डांच्या साह्याने जगभरातील एटीएममधून एकाच वेळी पैसे उपसण्याचा बेत शिजत आहे. इशारा अचूक होता. परंतु इशारा अचूक असणे आणि तो सुट्टीच्या दिवशी योग्य माणसाच्या हाती पडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोलीस आणि उद्योग यांच्या सहकार्याचा प्रश्न बव्हंशी या दुसऱ्या गोष्टीभोवती फिरतो.

फिर्याद का दिली जात नाही?

कंपनीवर हल्ला झाला तर तिने पोलिसांकडे जावे, हे म्हणायला सोपे आहे. प्रत्यक्षात अनेक कंपन्या ते टाळतात आणि त्यांची कारणे सर्वस्वी चुकीचीही नसतात. बातमी फुटली तर ग्राहक बिचकतील, समभाग घसरतील, परदेशी भागीदार जाब विचारतील ही पहिली भीती. दुसरी भीती अधिक व्यावहारिक असते. पोलीस येतील, सर्व्हर जप्त करून नेतील आणि चोरापेक्षा तपासामुळेच काम अधिक दिवस बंद पडेल, असे अनेक उद्योजकांना मनापासून वाटते. एकेकाळी ही भीती अनाठायी नव्हती. संगणकाचा पडदा आणि कळफलकसुद्धा पंचनामा करून उचलून नेल्याचे किस्से संगणकक्षेत्रात चवीने सांगितले जात.

आज मात्र यंत्र उचलून नेण्याची गरज बहुतेक प्रकरणांत उरलेली नाही. प्रशिक्षित तपासनीस डिस्कची हुबेहूब प्रतिमा तयार करतो. हे करताना मूळ डिस्कवर एक अक्षरही लिहिले जाऊ नये म्हणून ‘राइट ब्लॉकर’ हे उपकरण मध्ये जोडले जाते. मग मूळ डिस्क आणि प्रतिमा या दोहोंचे ‘हॅश मूल्य’ काढतात. हॅश म्हणजे त्या माहितीच्या बोटांचा ठसाच. माहितीतला एखादा स्वल्पविराम जरी बदलला तरी ठसा पूर्णपणे वेगळा येतो. दोन्ही ठसे जुळले की प्रतिमा पुरावा म्हणून पोलिसांकडे आणि यंत्र पुन्हा कामावर, असे होऊ शकते. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार झडती आणि जप्ती यांचे चित्रीकरण बंधनकारक झाले आहे. त्यामुळे काय नेले आणि कसे नेले, याविषयीचा वादही कमी व्हावा.

या पुराव्याचे न्यायालयात काय होते, हा पुढचा प्रश्न. संगणकातील नोंद पुरावा म्हणून मांडायची असेल तर तिच्यासोबत प्रमाणपत्र लागते. हे प्रमाणपत्र ऐच्छिक की अनिवार्य, यावर अनेक वर्षे गोंधळ होता. तो मिटवणारा निकाल गंमत म्हणजे सायबर गुन्ह्याच्या खटल्यात आला नाही. तो जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणूक वादातून आला. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे स्पष्ट केले. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक नोंद सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. आणि त्यात हॅश मूल्यही नमूद करायचे असते. कंपनीच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की सर्व्हर सांभाळणाऱ्या अभियंत्याला उद्या साक्षीदार म्हणून उभे राहावे लागू शकते. ही गोष्ट त्याला हल्ल्यानंतर समजण्यापेक्षा आधी समजलेली बरी. घाबरून जाऊन यंत्रणा पुसून नव्याने बसवणे हा तंत्रज्ञाचा स्वाभाविक प्रतिसाद असतो. काम लवकर सुरू होते खरे, परंतु त्या एका कृतीने खटला उभा राहण्यापूर्वीच कोसळतो.

घड्याळाचा प्रश्न

‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवणे कंपन्यांना बंधनकारक आहे. यंत्रणेच्या नोंदी, म्हणजेच ‘लॉग’, १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. या दोन तरतुदींची चर्चा पुष्कळ झाली. तिसऱ्या तरतुदीकडे तुलनेने कमी लक्ष गेले : सर्व संगणकांची घड्याळे प्रमाणित वेळेशी जुळलेली असली पाहिजेत.

ही तरतूद वरवर किरकोळ वाटते. पण इंटरनेट जोडणीला मिळणारा आयपी पत्ता पुष्कळदा कायमचा नसतो. सेवा पुरवठादार तोच पत्ता सकाळी एका ग्राहकाला आणि संध्याकाळी दुसऱ्याला देतो. त्यामुळे ‘हा पत्ता कोणाचा’ हा प्रश्न ‘किती वाजता’ हे सांगितल्याखेरीज निरर्थक ठरतो. बँकेच्या सर्व्हरचे घड्याळ दहा मिनिटे पुढे असेल, किंवा परदेशी संकेतस्थळाने दिलेली वेळ भारतीय वेळेत बदलताना चूक झाली, तर पोलीस एखाद्या भलत्याच घराच्या दारात जाऊन उभे राहतात.

पत्त्याची माहिती चुकली की काय होते, याचे उदाहरण पुण्याच्याच इतिहासात आहे. २००७ मध्ये ‘ऑर्कुट’ या संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी आक्षेपार्ह मजकूर टाकल्याच्या आरोपावरून बेंगळुरूच्या एका तरुण संगणक अभियंत्याला पुणे पोलिसांनी अटक केली. इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपनीने आयपी पत्त्याविषयी दिलेली माहिती चुकीची होती. हे उघड होईपर्यंत त्या निरपराध तरुणाने सुमारे पन्नास दिवस येरवडा कारागृहात काढले. पोलिसांनी कंपनीच्या कागदावर विश्वास ठेवला, कंपनीने कागद तपासून दिला नाही. सहकार्य म्हणजे मागितलेली माहिती झटपट देणे एवढाच अर्थ घेतला तर काय घडते, ते यातून दिसते. माहिती देणाऱ्याने ती पडताळली पाहिजे आणि घेणाऱ्याने तिला दुसऱ्या पुराव्याचा आधार शोधला पाहिजे.

पैसा पळतो त्या वेगाने

सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला एक कोटी रुपयांहून अधिक रकमेचा गंडा घालण्यात आला. त्यासाठी कोणत्याही प्रणालीत घुसखोरी करावी लागली नाही. कंपनीच्या प्रमुखांच्या नावाने वित्त विभागाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश आले आणि सांगितलेल्या खात्यांवर पैसे पाठवले गेले. लशींच्या उत्पादनात जगात अग्रेसर असलेल्या कंपनीच्या बाबतीत हे घडू शकते, तर भोसरी किंवा चाकणमधील सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याची काय कथा! निर्यातदारांना गाठणारा दुसरा प्रकार याच जातीचा आहे. परदेशी पुरवठादाराच्या ई-मेल पत्त्यातले एक अक्षर बदलून ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असे कळवले जाते. जुन्या, माहितीतल्या दूरध्वनी क्रमांकावर एकदा विचारून घेतले असते तर बहुतेक प्रकरणे तिथेच संपली असती.

पैसे गेल्यानंतर मात्र धाव घेण्यासाठी मिनिटे उरतात. चोरीची रक्कम प्रथम एका भाड्याच्या खात्यात जाते. हे खाते बहुधा काही हजारांच्या मोबदल्यात वापरू देणाऱ्या एखाद्या गरजू माणसाच्या नावावर असते. तेथून रक्कम चार खात्यांत, मग चाळीस खात्यांत फुटते आणि शेवटी एटीएममधून नोटांच्या रूपाने किंवा आभासी चलनाच्या रूपाने नाहीशी होते. पूर्वीच्या पद्धतीत फिर्याद नोंदवायची, मग बँकेला पत्र लिहायचे, त्या बँकेने पुढच्या बँकेचे नाव सांगायचे, मग तिला पत्र लिहायचे, असा क्रम असे. पत्र तिसऱ्या बँकेत पोहोचेपर्यंत पैसा देशाबाहेर गेलेला असे.

हा क्रम मोडण्यासाठी २०२१ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एक व्यवस्था सुरू केली. तिचा दूरध्वनी क्रमांक आता १९३० हा आहे. तक्रारदाराने व्यवहाराचा क्रमांक सांगितला की त्याची नोंद एकाच वेळी संबंधित बँकेच्या पडद्यावर उमटते. रक्कम तेथेच असेल तर ती रोखली जाते आणि पुढे गेली असेल तर तीच तक्रार पुढच्या बँकेकडे सरकते. सप्टेंबर २०२४ मध्ये याच केंद्रात बँका, पेमेंट कंपन्या, दूरसंचार कंपन्या आणि पोलीस यांच्या प्रतिनिधींना एका छताखाली बसवणारा विभाग सुरू झाला. एकाच दालनातील दोन माणसे एकमेकांशी बोलली की पत्रापत्रीचे दिवस वाचतात, इतके साधे हे तत्त्व आहे. सिंगापूरच्या पोलिसांनी २०१९ मध्ये स्थापन केलेल्या फसवणूकविरोधी केंद्रात पुढे बँकांचे कर्मचारी आणून बसवले, तेही याच विचाराने. अमेरिकेत पिट्सबर्ग येथील एका ना-नफा संस्थेत पोलीस यंत्रणा आणि कंपन्यांचे विश्लेषक २००२ पासून शेजारी-शेजारी काम करीत आले आहेत.

अशा व्यवस्थांची गरज किती, हे एका आकड्यावरून कळते. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात भारतीयांनी सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गमावले. आदल्या वर्षी हा आकडा ७,४६५ कोटी होता.

तथापि वेगाला दुसरी बाजूही आहे. चोरीच्या पैशातील काही रुपये चहाच्या टपरीवर किंवा किराणा दुकानात खर्च होतात आणि साखळीचा माग काढणारी यंत्रणा त्या दुकानदाराचे संपूर्ण खातेच गोठवते. दोनशे रुपयांसाठी लाखोंची उलाढाल अडकते, धनादेश परत जातात आणि गोठवण्याचा आदेश एखाद्या दूरच्या राज्यातील पोलीस ठाण्याचा असल्यामुळे दाद मागायची कोठे हेच कळत नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा प्रकरणांत गोठवणूक पोलिसांच्या आदेशात नमूद असलेल्या वादग्रस्त रकमेपुरती मर्यादित ठेवण्यास बँकांना सांगितले. पोलीस आणि बँका यांचे सूत जुळणे चांगलेच. पण त्या जुळणीत तिसऱ्या माणसाचा आवाज ऐकण्याची सोय नसेल तर तिची किंमत त्यालाच मोजावी लागते.

जबाबदारी कोणाची?

उद्योग हा नेहमी बळीच असतो असेही नाही. पुण्यातील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून फसव्या ई-मेलच्या द्वारे ८० लाखांहून अधिक रुपये वळवले गेले होते. माहिती तंत्रज्ञान कायद्यान्वये निवाड्याचा अधिकार असलेल्या राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनी २०१३ मध्ये बँकेने ४५ लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश दिला. फसव्या ई-मेलला उत्तर देण्याची चूक ग्राहकाची होती. परंतु ज्या खात्यांमध्ये पैसा गेला ती खाती पुरेशी शहानिशा न करता उघडली गेली होती आणि ही चूक बँकेची होती. दोष वाटून देणारा हा निर्णय आजही वाचण्यासारखा आहे. भाड्याच्या खात्यांची समस्या पोलिसांच्या कोठडीत सुटणारी नाही, ती बँकेच्या शाखेत खाते उघडण्याच्या टेबलावरच सुटू शकते, हे त्यातून सूचित होते. कॉसमॉसच्या घटनेनंतर रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट आखून दिली आणि पुढच्याच वर्षी बँकेच्या तांत्रिक व्याप्तीनुसार तिचे टप्पे ठरवले.

खंडणीखोर प्रणालींच्या, म्हणजे ‘रॅन्समवेअर’च्या बाबतीत तर कंपनी काय करते यावर पुढच्या बळींचेही भवितव्य ठरते. नॉर्वेच्या ‘नॉर्स्क हायड्रो’ या अ‍ॅल्युमिनियम कंपनीवर मार्च २०१९ मध्ये असा हल्ला झाला. कंपनीने खंडणी दिली नाही, घटना लपवली नाही आणि पोलिसांना पहिल्यापासून सोबत घेतले. कारखाने काही काळ हाताने चालवावे लागले, नुकसानही मोठे झाले. मात्र तपास पुढे सरकत गेला. २०२१ मध्ये युक्रेनमध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी संयुक्त कारवाई केली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये त्या प्रणालीने कुलूपबंद केलेल्या फाइली उघडणारी किल्ली ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर सर्वांसाठी विनामूल्य उपलब्ध झाली. हे संकेतस्थळ स्वतःच अशा सहकार्याचे अपत्य आहे. नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि दोन संगणक सुरक्षा कंपन्यांनी ते २०१६ मध्ये सुरू केले. हल्ला झालेल्या कोणत्याही छोट्या कारखान्याने खंडणीचा विचार करण्यापूर्वी तेथे एकदा पाहावे. काही वेळा किल्ली आधीच तयार असते.

गुन्हा घडण्याआधीची ओळख

भारतात या दिशेने झालेला एक लक्षणीय प्रयोग हैदराबादचा. सायबराबाद पोलीस आणि तेथील माहिती तंत्रज्ञान कंपन्या यांनी २००६ मध्ये एक संयुक्त संस्था स्थापन केली. कंपन्यांचे अधिकारी आणि पोलीस अधिकारी तिच्या मंचावर नियमितपणे भेटतात. तिचे काम सायबर सुरक्षेपुरते मर्यादित नाही. वाहतूक आणि स्त्रियांची सुरक्षितता हे विषयही ती हाताळते. कदाचित म्हणूनच ती टिकली असावी. केवळ संकटाच्या वेळी भेटणाऱ्यांची ओळख वाढत नाही.

महाराष्ट्रातही साधने वाढली आहेत. मुंबई पोलिसांचा सायबर विभाग २००० साली, म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायदा आला त्याच वर्षी सुरू झाला. आज जिल्ह्या-जिल्ह्यांत सायबर पोलीस ठाणी आहेत आणि महापे येथे राज्याचे सायबर मुख्यालय उभे राहिले आहे. अडचण आहे ती माणसांची. माहिती तंत्रज्ञान कायद्यान्वये तपास किमान निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. असा अधिकारी लॉग वाचायला शिकतो, बँकांच्या नोडल अधिकाऱ्यांना नावाने ओळखू लागतो आणि तेवढ्यात त्याची बदली वाहतूक शाखेत होते. कंपन्यांचेही चित्र फारसे निराळे नाही. सुरक्षेचे काम पाहणारा अभियंता दोन वर्षांत दुसरी नोकरी धरतो आणि पोलिसांकडे असलेला त्याचा क्रमांक मृत होतो. त्यामुळे संपर्क माणसाशी न जोडता पदाशी जोडणे, म्हणजे व्यक्ती बदलली तरी क्रमांक आणि ई-मेल तोच ठेवणे, हा बिनखर्चाचा उपाय दोन्ही बाजूंना आजच करता येण्यासारखा आहे.

माहितीच्या देवाणघेवाणीला कायद्याची वाट आहे. तीही दोघांनी धरायला हवी. पोलिसांना कागदपत्रे हवी असतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली लेखी मागणी करता येते. केवळ ओळखीवर, दूरध्वनीवरून ग्राहकांची यादी मागणे वा देणे दोघांनाही अडचणीत आणू शकते. याउलट हल्ल्याची तांत्रिक लक्षणे, जसे घातक फाइलचे हॅश मूल्य, संशयास्पद आयपी पत्ते, बनावट संकेतस्थळाचे नाव, यांत कोणा ग्राहकाचे खासगी असे काही नसते आणि ती इतर कंपन्यांना लगेच कळवण्याने नुकसान फक्त चोराचे होते. कोणती माहिती लेखी मागणीशिवाय द्यायची नाही आणि कोणती विनाविलंब द्यायची, याची यादी कंपनीच्या विधी विभागाने शांत डोक्याने आधीच करून ठेवली तर रात्री दोन वाजता वकिलाला उठवावे लागत नाही.

आगीची रंगीत तालीम कारखान्यांत वर्षानुवर्षे होते. तशीच तालीम सायबर हल्ल्याची घेता येते आणि तिच्यात स्थानिक सायबर ठाण्याच्या अधिकाऱ्याला बोलावता येते. पहिला फोन कोण करणार, यंत्रणा बंद करण्याचा अधिकार कोणाला, लॉगची प्रत कोण काढणार, १९३० वर व्यवहारांचे क्रमांक कोण वाचून दाखवणार, बँकेच्या नोडल अधिकाऱ्याचा क्रमांक कोठे आहे, हे प्रश्न त्या तालमीत सुटतात. क्रमांकांची ही यादी कागदावर छापून भिंतीवर लावलेली असावी, कारण हल्ला झाल्यावर संगणकातील यादी उघडेलच असे नाही. आणि तालीम शक्यतो दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारी घ्यावी.